आरशातले हात

कॅरॅव्हॅन पुन्हा वाकडी झाली. तिचं चाक निलगिरीच्या मुळावर चढलं आणि आतली भांडी खडखडली. लायलने शिवी गिळली, गिअर बदलला आणि मोटार परत पुढे घेतली. मागे जोडलेलं ते चाकांवरचं घर तिच्यामागून ओढलं गेलं.

समोर लोकांनी घडीच्या खुर्च्या वळवून ठेवल्या होत्या. फ्लिंडर्सच्या डोंगरातल्या या तळावर संध्याकाळची हीच करमणूक. बिअर पीत बसायचं आणि कोण आपली कॅरॅव्हॅन मागे कशी घेतो ते बघायचं. नवरा-बायको असतील तर आणखी मजा. बायको मागे उभी राहून "डावीकडे, अरे डावीकडे!" म्हणून ओरडणार, नवरा भलतीकडेच नेणार, आणि जेवताना दोघं एकमेकांशी बोलणार नाहीत.

लायल आणि ग्लेनिसचं तसं कधी झालं नाही. कोरड्या ओढ्याच्या काठावर, दोन जुन्या निलगिरींच्या मधली ती अडचणीची जागा त्यांची. तिथे खुर्ची टाकली की सगळा लाल डोंगर समोर. तिथे कॅरॅव्हॅन घालायला दुसरं कोणी धजत नसे. लायल दर हिवाळ्यात एका दमात घालायचा. तळावर त्याचं नाव होतं ते त्यावरच.

ग्लेनिस मार्चमध्ये गेली. यंदा बरोबर मुलगी केरिन आली होती. आईसारखी मागे उभी राहते म्हणाली, तर त्याने तिला गप्प केलं होतं.

"काही गरज नाही. तुझी आई नुसती सोबतीला उभी राहायची."

त्याने पुन्हा प्रयत्न केला. आता कॅरॅव्हॅनची कड खोडापासून बोटभर अंतरावर येऊन थांबली. खुर्च्यांमधून कोणीतरी "अरेरे" म्हणालं. हसले असते तर चाललं असतं. ते 'अरेरे' त्याला झोंबलं.

नोएल खिडकीपाशी आला. इतक्या वर्षांचा तळावरचा सोबती, तोंडाचा फटकळ.

"लेका लायल, झाड काही हलणार नाही. तूच हल." मग त्याने आवाज उतरवला. "संडासाजवळची एक जागा रिकामी आहे. सरळ आत, सरळ बाहेर. मागे घ्यायची भानगडच नाही."

"तिथे म्हातारे जातात."

"मी तिथेच आहे."

लायलला माहीत होतं, संडासाजवळच्या जागेवर गेलेला माणूस पुन्हा ओढ्याकाठी येत नाही. ग्लेनिस जिथे बसून डोंगर बघायची, तिथे पुढच्या वर्षी दुसऱ्याच कोणाची तरी खुर्ची असणार.

त्याने इंजिन बंद केलं आणि उतरून मागे गेला. खोड नक्की कुठे आडवं येतंय ते बघायला तो ग्लेनिसच्या जागी उभा राहिला. इतक्या वर्षांत तो तिथे पहिल्यांदाच उभा राहत होता.

तिथून सगळं दिसत होतं. वर आलेलं मूळ दिसत होतं, वाळूचा उतार दिसत होता, छपराला लागेल अशी खाली आलेली फांदी दिसत होती. आरशात यातलं काहीच दिसत नसे. पाठीला मागच्या आणखी एका झाडाचं खोड लागत होतं. कॅरॅव्हॅन अंगावर आली तर बाजूला व्हायलाही जागा नव्हती.

"केरिन, तू बस स्टिअरिंगवर."

"मी? बाबा, मी फक्त सरळ चालवते! हिला मागून डावीकडे न्यायचं तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं. तिथेच माझं डोकं फिरतं."

"तू डोकं चालवू नकोस. बाजूच्या आरशात माझे हात बघ."

तिने मोटार हळूहळू मागे घेतली. लायलने कॅरॅव्हॅन डावीकडे यावी म्हणून हात डावीकडे केला. केरिनने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. कॅरॅव्हॅन उजवीकडे गेली.

"आता बाप-लेक भांडणार!" नोएल ओरडला.

लायल हात वर धरून तसाच उभा राहिला. ग्लेनिसचे हात त्याला आठवले. तिचा हात डावीकडे गेला की तो स्टिअरिंग डावीकडे फिरवायचा. उजवीकडे गेला की उजवीकडे. कॅरॅव्हॅन कोणीकडे जायला हवी याचा विचार त्याला कधी करावाच लागला नव्हता. ती कॅरॅव्हॅनची दिशा दाखवतच नव्हती. उलटं-सुलटं सगळं ती स्वतःच्या डोक्यात करायची, इथे धुळीत उभी राहून, आणि त्याला फक्त सोपं तेवढं द्यायची.

त्याने केरिनला मोटार पुढे घ्यायला लावली आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्याने हातांनी फक्त स्टिअरिंग दाखवलं. थोडं डावीकडे. आता सरळ. थांब. त्याने वर फांदीकडे बघितलं. आता उजवीकडे, अगदी जरासं. केरिन हात जाईल तसं फिरवत गेली. कॅरॅव्हॅन मुळाला वळसा घालून, फांदीखालून, दोन खोडांच्या मधोमध आली आणि त्याच्या छातीपासून हातभर अंतरावर थांबली.

खुर्च्या मागे सरकल्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सगळे केरिनकडे बघत होते.

"वा गं पोरी!" नोएल ओरडला. "बापाचा हात आलाय तुझ्यात!"

लायल कॅरॅव्हॅनमागून बाहेर आला. भुवयांपासून बुटांपर्यंत तो लाल धुळीने माखला होता. आजवरच्या कुठल्याही टाळ्यांना त्याची छाती एवढी फुगली नव्हती. शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

"तिला कॅरॅव्हॅन मागे घेता येत नाही, नोएल. मलाही कधी येत नव्हती."