पत्ते कोणी वाटायचे

धम्मानंदनं शंभर डॉलरच्या तीन नोटा टेबलावर ठेवल्या तेव्हा निशिकांतला मनापासून हसू आलं.

"म्हणजे आजपासून खऱ्या पैशांनी? बघ हां बाबा. तुमच्यात चालतं ना पत्ते खेळलेलं?"

हे 'तुमच्यात' धम्मानंदच्या ओळखीचं होतं. त्यानं ते नेहमीसारखं गिळलं आणि नोटांच्या बदल्यात समोर आलेल्या प्लास्टिकच्या चिप्स रंगाप्रमाणे लावून घेतल्या.

निशिकांत लॅबमधला त्याचा साहेब. दर रविवारी जेवणं आटोपली की त्याच्या बुओना व्हिस्टा भागातल्या कॉन्डोच्या फ्लॅटवर पोकरचा डाव बसे. घरचे नियम दोनच, आणि दोन्ही निशिकांतनं केलेले. चिप्स एकदाच घ्यायच्या, संपल्या की संपल्या. आणि ज्याच्यापुढे चिप्स नाहीत, त्यानं पत्ते वाटायचे. चार महिने धम्मानंदपुढे चिप्स नव्हत्या. "तू अजून शिकतोयस, तू वाट," असं निशिकांतनं पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं. मग तो वाटायचा, डाव संपला की सगळ्यांचे पत्ते गोळा करायचा, खाली पडलेले वाकून उचलायचा.

त्याआधी मार्चमध्ये निशिकांत सिडनीला जाऊन एक पेपर वाचून आला होता. त्यात धम्मानंदची दोन वर्षांची मेहनत होती, फक्त धम्मानंदचं नाव नव्हतं. "चुकून राहिलं रे. पुढच्या पेपरवर तुझंच पहिलं," चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत निशिकांत म्हणाला होता. धम्मानंदचा त्यावर विश्वास बसला होता, हे त्याला अजून झोंबायचं.

विश्वास उडाला तो या टेबलापाशी. गोळा करताना पालथा पत्ता बोटानं जरासा उचलला की दिसतो. मोठी रक्कम लावून निशिकांत सगळ्यांना पळवून लावायचा, आणि त्याच्या टाकलेल्या पत्त्यांत कधी कधी नुसता भुसा निघायचा. असा भुसा हातात असला की तो चष्मा पुसायचा. धम्मानंदनं चौदा वेळा पाहिलं, चौदाही वेळा तेच. निशिकांतनं त्याचा डेटा घेतला होता, आता त्यानं निशिकांतचा गोळा केला. चोरून पाहणं बरं नव्हे, हे त्याला कळत होतं. पण खुन्नस भरली होती.

क्लेमेंटीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत, लॅपटॉपवर खोट्या पैशांनी खेळून तो कितीदा तरी जिंकला होता. खोटे पैसे गेले तरी काही जात नाही. या तीन नोटा डिसेंबरच्या विमानाच्या तिकिटासाठी बाजूला काढलेल्या होत्या, आणि नागपूरला आईला तारीख कळवून झाली होती.

तासाभरात शेजारच्या टॉवरमधला श्रीनिवास संपला आणि नियमाप्रमाणे पत्त्यांचा कॅट त्याच्या हातात गेला. उरले निशिकांत, त्याची बायको विनीता आणि धम्मानंद. पुढच्या डावाला धम्मानंदकडे दोन सत्त्या आल्या. टेबलावर सगळ्यांत सामाईक असे पाच पत्ते उघडले, त्यांतले तीन बदामाचे. विनीतानं आपले टाकून दिले. निशिकांतनं समोरच्या सगळ्या चिप्स पुढे लोटल्या.

"माझ्याकडे बदाम आहेत, धम्मा. उगाच मरू नकोस. घरी जायचंय ना तुला डिसेंबरात?"

हातात खरंच दोन बदाम असतील तर त्याचे पाच बदाम होणार, मग सत्त्यांची जोडी कुठल्या कुठे. धम्मानंदला आईचा आवाज आठवला, तारीख दोनदा विचारून घेणारा. आज उठून गेला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं.

निशिकांतनं चष्मा काढला. शर्टाचं टोक धरून सावकाश पुसायला लागला.

धम्मानंदनं आपल्याही सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या.

निशिकांतनं पत्ते उघडले. इस्पिकचा राजा आणि किलवरची तिर्री. बदाम एकही नाही, जोडीही नाही. निशिकांतचा चेहरा असा उतरला, की धम्मानंदला तो पोटभर बघत बसावासा वाटला. गेल्या मार्चपासून त्याला हेच हवं होतं.

"लागला बुवा तुझा मटका," निशिकांत म्हणाला. "चल, मी आणखी तीनशेच्या घेतो."

"घेतो काय?" विनीता हसत म्हणाली. "नियम तुझाच आहे. बस आता पत्ते वाटत."

श्रीनिवासनं सुटका झाल्यासारखं करत कॅट त्याच्यापुढे ठेवला. निशिकांतनं पत्ते पिसले. पिसताना त्याचे कान लाल झाले होते. पहिला पत्ता विनीताला, दुसरा धम्मानंदला.

"सर," धम्मानंद सहज विचारावं तसं म्हणाला, "त्या सिडनीच्या पेपरवर माझं नाव कसं हो राहिलं?"

श्रीनिवासनं मान वर केली. विनीताही थांबली.

"अरे, सांगितलं ना तुला. चुकून राहिलं."

बोलता बोलता निशिकांतचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. हातात कॅट होता. तो सुटला आणि पत्ते टेबलावरून घसरत धम्मानंदच्या पायाशी पसरले.

निशिकांत सवयीनं त्याच्याकडे बघत राहिला. धम्मानंद आपल्या चिप्स रंगाप्रमाणे लावत होता. तो वाकला नाही.