सोळा पेट्यांचा कौल

मधमाश्यांनी शुभांगीला पहिल्या दिवशी तीन डंख मारले, तिसऱ्या दिवशी सात आणि पाचव्या दिवशी एकोणीस. दोन हातांवर उभ्या असलेल्या तिच्या सासूला, अक्काबाईंना, तिन्ही दिवशी एकही नाही.

निफाडजवळच्या त्या मळ्यात कांद्याचे बी धरले होते. डोंगळ्यांवर, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्यांवर, पांढरे गोंडे फुलले, की पेठचा सोमा मधमाश्यांच्या सोळा पेट्या आणून बांधावर मांडी. माश्या फिरल्या नाहीत, तर बी भरत नसे. म्हणून नव्या सुनेने नटूनथटून पेट्यांना हळदीकुंकू वाहायचे, असा घरचा रिवाज होता. शुभांगीचे वाहणे तीनदा अर्धवट राहिले होते.

"माश्यांना माणूस कळतं," पाचव्या दिवशी अक्काबाई म्हणाल्या. "माझ्या सासूला त्यांनी घेतलं, मला घेतलं. ही नाय पटली त्यांना. पेट्या हायेत तोवर हिला माहेरी सोडून ये, राजू."

राजू बायकोच्या मनगटातला काटा नखाने काढत होता.

कुंपणापलीकडून शेजारच्या ठमाबाईने विचारले, "नवरी लय गोड हाय म्हणून चावत्यात का गं, अक्का?"

लग्नाला सव्वा महिना झाला होता. सव्वा महिन्यात माहेरी परतलेल्या मुलीबद्दल पंचवटीतल्या तिच्या माहेरच्या गल्लीत काय बोलले जाते, ते शुभांगीला ठाऊक होते. तिथून तिला पुन्हा सासरी कधी बोलावले जाईल, हे कोणीच सांगत नव्हते.

ती रसायनशास्त्राची पदवीधर होती. कौल, शकुन यांवर तिचा विश्वास नव्हता. पण एकोणीस डंखांवर विश्वास न ठेवण्याची सोय नव्हती. तिने एकेक कारण तपासून बाद केले. साडीचा रंग तिन्ही वेळा वेगळा होता. वेळ सकाळची, दोघींची एकच. बांगड्या दोघींच्या हातांत होत्या. उरला परफ्यूम. तो तिने सर्वांत आधी बाद केला होता, कारण माशी गोडाला भुलते हे शाळकरी पोरालाही माहीत असते.

परफ्यूमची ती जड काचेची बाटली तिच्या भावाने, मयूरदादाने, दुबईहून आणली होती. तिची किंमत शुभांगीने सासरी कोणाला सांगितली नव्हती. त्या वासाने घराचे दोन तट पाडले होते. नणंद आशा रोज मान पुढे करून एक फवारा मागून घेई, अक्काबाई पदर नाकाला लावत आणि म्हणत, "शिरा करपलाय कुठंतरी." पहिल्या दिवशी शुभांगीने एक फवारा मारला होता. तिसऱ्या दिवशी, माश्यांना खूश करावे म्हणून, दोन. पाचव्या दिवशी सहा.

"द्राक्षांवरसुद्धा एवढी फवारणी करत नाही आपण," राजू तेव्हा हसून म्हणाला होता.

संध्याकाळी सोमा पेट्या पाहायला आला. तिचा सुजलेला हात बघायला तो वाकला आणि त्याने वास घेतला.

"ताई, तुम्ही केळं खाऊन येता का इकडं?"

"मी केळं खातच नाही. का?"

"आमचा बाप पेटीपाशी केळं खाऊ देत नव्हता. का ते नाय सांगितलं. थोबाडीत मात्र दिली होती."

शुभांगी घरात गेली. टीपकागदाच्या तुकड्यावर तिने परफ्यूमचा एक थेंब टाकला आणि नाकाशी धरला. व्हॅनिला आणि जळकी साखर मागून आली. सर्वांत आधी उडाला तो वास तिने शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात स्वतः परीक्षानळीत तयार केला होता. तो पिकल्या केळ्याचा होता. पण त्याचा डंखांशी संबंध काय, ते तिला उलगडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या एसटीसाठी तिची बॅग ओट्यावर आणून ठेवली होती. तिने राजूकडून दोन काठ्या आणि दोन पांढरे रुमाल मागून घेतले. एका रुमालावर पाणी मारले, दुसऱ्यावर परफ्यूमचे चार फवारे. रुमाल बांधून दोन्ही काठ्या पेट्यांपासून सारख्या अंतरावर रोवल्या आणि सगळे मागे सरले. दहा मिनिटांनी सोमाने धूर करून रुमाल काढून आणले. ओल्या रुमालात एकही काटा नव्हता. दुसऱ्यात चौदा होते.

"जागेचा गुण असंल," अक्काबाई म्हणाल्या.

शुभांगीने नवे रुमाल घेतले आणि जागा बदलल्या. पाण्याचा पुन्हा कोरा निघाला. परफ्यूमच्या रुमालात अकरा काटे निघाले. अक्काबाईंनी ते स्वतः मोजले, दोनदा.

"काटे दिसले गं," त्या म्हणाल्या. "पण का, ते सांग. नायतर बॅग तिथंच राहू दे."

शुभांगीने नाशिकला कॉलेजातल्या सरांच्या घरी फोन लावला. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढले आणि त्यातला परिच्छेद तिला सावकाश वाचून दाखवला. तिने तो कागदावर उतरवून घेतला. सासूसमोर बसून तो सोप्या शब्दांत सांगितला.

मधमाशी डंख मारते, तेव्हा काटा कातडीत सोडून मरते. काट्याजवळच्या ग्रंथीतून एक वास हवेत पसरतो आणि त्यावरून बाकीच्या माश्या शत्रूची जागा ओळखतात. त्या वासातले मुख्य द्रव्य आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. पिकल्या केळ्यात तेच असते आणि बाटलीतही तेच होते. शुभांगीने जितके फवारे अधिक मारले, तितक्या अधिक माश्या पेट्यांतून बाहेर पडल्या. नवी सून त्यांना पटली की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नव्हता. त्या तिन्ही दिवशी आपल्याच एका मरणाऱ्या बहिणीची हाक समजून धावून आल्या होत्या.