महापौरांचा नवा कोट

खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या पट्ट्याला सात भोकं होती. पाच कारखान्यातली, एका ओळीत. उरलेली दोन महापौरांनी या वर्षी स्वतः खिळ्याने पाडलेली. शेवटचं जरा वाकडं गेलं होतं. त्यांच्या बायकोने ती पुन्हा एकदा मोजली आणि शिंप्याला आत बोलावलं.

उद्या दुपारपर्यंत अर्ज भरायचा होता, महापौरपदासाठी दुसऱ्यांदा. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की प्रचार झेपणार नाही, आधी उपचार सुरू करा. त्यावर, डॉक्टर विरोधकांना सामील आहे म्हणून महापौर हसले होते. बायकोचं बोलणं ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत. पण आकडा समोर आला की मात्र गप्प बसत. सभागृहात भल्याभल्यांना त्यांनी आकड्यांनीच गार केलं होतं. म्हणून तिने कोटाचं निमित्त काढलं. शिंपी जुना, घरच्यासारखा. माप घेताना प्रत्येक आकडा मोठ्याने सांगायची त्याची सवय. अंदाजाने शिवू नका, नव्याने माप घ्या, असं तिने त्याला फोनवर बजावलंही होतं.

शिंप्याने टेप छातीभोवती फिरवली आणि तो क्षणभर थांबला. त्याचा अंगठा छत्तिसावर होता. तिला दारातूनही स्पष्ट दिसलं.

"बेचाळीस," तो खणखणीत आवाजात म्हणाला. मागच्या कोटाचं माप.

महापौरांनी तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. "ऐकलंस? आणि तू म्हणे मी वाळलो."

तिने शिंप्याला जिन्यात गाठलं. ती काही बोलायच्या आधीच तो कुजबुजला, "काळजी नको, वहिनी. खांद्यांना गादी घालतो, छातीला आतून दुहेरी कापड लावतो. लोकांना काही कळायचं नाही."

"लोकांना नाही हो," ती म्हणाली. "ह्यांना कळायला हवं होतं."

शिंप्याचा चेहरा उतरला. तिने हात पुढे केला. त्याने गळ्यातली टेप काढून तिच्या हातावर ठेवली.

आत महापौर पक्षाच्या चिटणीसाशी फोनवर बोलत होते. उद्या अकराला निघू. आणि विरोधकांना म्हणावं, छाती अजून बेचाळीसच आहे. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली आणि फोन ठेवावा लागला.

"शर्ट काढा," ती म्हणाली.

"आता आणखी काय?"

"काढा हो."

शर्टाखाली स्वेटर निघाला. त्याखाली आणखी एक. तिने दोन्ही घडी करून खुर्चीवर ठेवले आणि त्यांना हात वर करायला सांगितलं. सभेत करायचे तसे त्यांनी ते केले, पण फार वेळ धरवेनात. टेपला कुठे पीळ पडलेला नाही हे तिने पाठीमागे जाऊन पाहिलं. त्यांनी श्वास सोडेपर्यंत ती थांबली. मग टेपवर बोट दाबून धरत तिने दुसऱ्या हाताने टेबलावरचा चष्मा त्यांच्या हातात दिला.

"तुम्हीच वाचा."

महापौरांनी चष्मा लावला. मान खाली घालून ते बराच वेळ बघत राहिले.

"तेहतीस," ते म्हणाले. मग चष्मा सारखा करून पुन्हा पाहिलं. "सव्वा तेहतीस."