मोन्नुलाचे शेवटचे शब्द

वेनुस्तुसने वाचन संपवलं तेव्हा थडग्याभोवती बसलेल्या कित्येकांचे डोळे भरले होते. ख्रिस्ती म्हणून मोन्नुलाला कार्थेजच्या रिंगणात श्वापदांपुढे सोडलं, त्याला आज वर्ष झालं. वर्षाचं जेवण तिच्या थडग्यापाशीच होतं. भाकरी होती, मासे होते, आणि थडग्याच्या दगडात बसवलेल्या नळीतून तिच्यासाठी खाली ओतायचा द्राक्षारस.

"सुभेदारसाहेब, तुमची श्वापदं माझ्यासाठी फक्त स्वर्गाचं दार उघडतात," असं मोन्नुला म्हणाली, असं वेनुस्तुसने लिहिलं होतं. पुढेही बरंच होतं. बाप्तिस्मा घेण्याआधी तो कोर्टात वकिली करायचा.

"आमची मोन्नुला एवढं बोलली?" शेजारची म्हातारी दातिवा कुजबुजली. "घरी तर अर्धं वाक्य तोंडात ठेवून चुलीकडे वळायची."

मोन्नुलाचा नवरा यादेर हसला नाही. त्या दिवशी तो पार वरच्या पायरीवर बसला होता. रिंगणाच्या दारात तिचे ओठ हलले, एवढं त्याला दिसलं होतं. ती काय म्हणाली असेल? तेलाचा घाणा फिरवताना वर्षभर त्याच्या डोक्यात तेवढंच होतं.

"यादेरभाऊ," वेनुस्तुस म्हणाला, "नवऱ्याने साक्ष दिली की हे आपल्या सगळ्या मंडळ्यांत वाचलं जाईल. उठ, हेच शब्द होते म्हण."

यादेर उठला. तो काही बोलणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तसं काही बोलल्या नाहीत त्या."

तुरुंगाचा पहारेकरी होता. अंगावर साधे कपडे होते, पण लोकांनी ओळखला. दोघीतिघी मागे सरकल्या.

"दारापाशी मीच होतो, काका. माझ्या टाचेला गळू झालं होतं. तुरुंगात त्यांनी सांगितलं, अंजीर भाजून..."

"गरम बांध, गार झालं की काढ," यादेर म्हणाला.

पहारेकरी त्याच्याकडे बघत राहिला. "हो. तेच. मग आत जाताना थांबल्या. म्हणाल्या, 'पाय कसा आहे?' बस, एवढंच."

"तू काय म्हणालास?"

"काही नाही. साहेब बघत होते."

वेनुस्तुस यादेरच्या जवळ सरकला. "गळवावर अंजीर," तो हळूच म्हणाला. "हे ऐकून कोण येईल रे आपल्याकडे?"

"चप्पल काढ," यादेर पहारेकऱ्याला म्हणाला.

टाचेवर पांढरा वण होता. यादेर वाकून बराच वेळ तो बघत राहिला. मग त्याने द्राक्षारसाचा बुधला उचलून पहारेकऱ्याच्या हातात दिला.

"खाली ऐकू जातं म्हणतात. तिला तूच सांग."

पहारेकरी गुडघ्यांवर बसला. त्याने थोडा द्राक्षारस ओतला, सवयीने एकदा मागे वळून पाहिलं, आणि नळीपाशी तोंड नेलं.