झग्याच्या पाच चुण्या

अलमासच्या पुस्तकातल्या फोटोत बाईचा झगा गुडघ्याखाली साधारण चार बोटांवर संपत होता आणि उजव्या बाजूला त्याला पाच चुण्या होत्या. शिलाई मशीनवरून वाकून खतीजाबीनं त्या दोनदा मोजल्या.

"लढाईत कापड मिळत नसंल," ती म्हणाली.

"तसं न्हाई, अम्मी." परवा अलमासला हिंगोलीच्या कॉलेजात बोलायचं होतं. विषय होता दोन महायुद्धांमधलं अमेरिकन साहित्य. सरावाला श्रोते दोनच, आई आणि ब्लाउज न्यायला आलेल्या गंगूताई. "लढाई संपली अन् बाया कामावर निघाल्या. केस कापले, मोटारी चालवल्या. दहा वर्षांनी मंदी आली. शेतांची धूळ झाली, लोक गाडीवर संसार लादून परमुलखाला गेले. लेखकांनी तेच लिहिलं, लोक बोलतात तसं."

दारात खतीजाबीचा नवरा नासेर फोन धरून उभा होता. गोरेगावच्या बाजारात शिवणाच्या दुकानाला गाळा घ्यायचा का, हे तो बायकोला दोन वर्षं विचारत होता आणि ती दोन वर्षं 'बघू' म्हणत होती. गाळेवाल्यानं आज दुपारपर्यंतच मुदत दिली होती.

"खतीजा, तो थांबून राहिला. काय सांगू?"

"पोरीचं होऊ द्या आधी." तिनं पुस्तक उजेडात धरलं. "कापडाचं न्हाई हे. घेर कमी केला, पण चुण्या ठेवल्या. लांब पाऊल टाकता यावं म्हणून. ही बाई रोज कुठंतरी जात व्हती. घरात बसणारीला चुण्या कशाला?"

अलमासनं घाईनं पेन उघडलं. "अम्मी, हे आमच्या मॅडमलाबी न्हाई सुचलं!"

"मला एक सांग. बाया पुस्तकं वाचून भाईर पडल्या का?" विचारून खतीजाबीनं टाचणी ओठांत धरली.

"न्हाई. बाया आधी निघाल्या. पुस्तकं मागून आली."

"आता बोला!" गंगूताईंनी मांडीवर थाप मारली. "तिकडच्या बाया कुणाला न इचारता निघाल्या, अन् इथं नवरा इचारू इचारू थकला. तुमी काहून थांबल्या, खतीजाबी? तुमच्यावर पुस्तक निघायची वाट बघून राहिल्या का?"

नासेर आधी हसला, मग अलमास. खतीजाबीनं हसू दाबून पाहिलं, पण ते सुटलंच आणि ओठांत धरलेली टाचणी मांडीवर पडली.

"सांगा त्याला," ती म्हणाली, "घेतला म्हणावं गाळा. उद्या बाजार हाय, मशीन सकाळीच न्यायची."