उजेडाचे तीन तास

“नाचता येईना, अंगण वाकडं,” सर म्हणाले. “उंदरांना कशाला नावं ठेवतेस? हात बसलेला नाही तुझा, सरळ सांग की.”

प्रयोगशाळेत संशोधन शिकायला आलेली मुलगी आलेख हातात धरून उभी राहिली. जन्मापासून मिट्ट अंधारात वाढवलेली उंदराची पिल्लं होती तिची. डोळ्यांना दिसलेलं मेंदूत जिथे पोचतं, तिथल्या निरोधक पेशी, म्हणजे बाकीच्या पेशींना आवरून धरणाऱ्या, ती एकेक करून तपासायची. उजेडच पाहिला नाही, तर त्या पेशींवरचे ग्राही, म्हणजे ग्लुटामेट या रसायनाचा निरोप झेलणारे रेणू, कोवळेच राहायला हवेत. आधीच्या पिल्लांत तसेच होते. शेवटच्या सहा पिल्लांत मात्र जून निघाले.

“उद्यापासून हे काम ताईंकडे,” सरांनी फाईल मिटली. “तू दुसरं काही बघ. नाहीतर दुसरीकडे बघ.”

पलीकडच्या टेबलावर बसलेल्या, प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत जुन्या ताईंनी मान वर केली नाही. गेल्या महिन्यात रिकामे पिंजरे आणायला त्या पिल्लांच्या अंधाऱ्या खोलीत गेल्या होत्या, आणि सवयीने हात बटणावर गेला. पिंजरे उचलले, दार ओढलं. तीन तासांनी आठवलं तेव्हा धावत गेल्या. दिवा जळत होता आणि सहाही पिल्लं एकमेकांवर चढून त्याच्याकडे बघत होती. ताईंनी बटण बंद केलं. दाराजवळच्या वहीत काही लिहिलं नाही. तीन तासांनी असं काय होतंय, म्हणून मनाला समजावलं. थोडासा उजेड मिळाला तरी ग्राही जून होतात, हे त्यांना पाठ होतं. नव्या मुलांना त्याच शिकवायच्या.

दुपारी मुलगी आपल्या वह्या घेऊन ताईंच्या टेबलाशी आली. डोळे सुजलेले, पण अक्षर नेहमीसारखं नेटकं.

“ताई, खोलीत शिरल्यावर डावीकडून तिसरा पिंजरा. मी हाताने चाचपत जाते. तुम्हालाही जमेल.”

“दिवा मी लावला होता,” ताई म्हणाल्या. “तीन तास. तुझा हात चांगला आहे.”

मुलीने वही पुढे ओढली.

“कुठल्या दिवशी?”

ताईंनी तारीख सांगितली. तिने भराभर पानं उलटली, जून ग्राही निघालेल्या पहिल्या पिल्लाच्या ओळीवर बोट ठेवलं, ती नोंद त्या तारखेनंतरचीच होती, आणि ती खुदकन हसली. मग खुर्चीत बसून दोन्ही हात उलटेसुलटे करून बघू लागली. ती चिडेल, बोलेल, याची ताईंनी तयारी केली होती. याची नव्हती.

“सरांना आत्ता जाऊन सांगते मी,” ताई उठल्या.

“सरांचं नंतर. आधी आईला सांगा. मघाशीच तिला म्हटलं, मला नाही जमत हे. माझं आता तिला खरं वाटायचं नाही.”

तिने नंबर लावून फोन ताईंच्या हातात दिलासुद्धा. ताईंनी तो कानाला लावला. तोंड उघडायच्या आत पलीकडचा आवाज सुरू झाला.

“रडू नकोस गं बाळा. नाही जमलं तर नाही जमलं. पण निघायच्या आधी तुझ्या त्या ताईंना एकदा विचार. त्या खोटं नाही सांगायच्या.”