दुर्बिणीचं झाकण

कॉलेजसाठी देणग्या मिळवणाऱ्या बाई महिनाभर माजी विद्यार्थ्यांना फोनवर एकच पोपटपंची ऐकवत होत्या: "आपल्या दुर्बिणीवर घुमट बांधायचाय. तिच्यातून आकाश बघणं म्हणजे स्वर्गसुख!" एका संध्याकाळी एका ऐंशी वर्षांच्या माजी विद्यार्थिनीनं मध्येच विचारलं, "तू स्वतः बघितलंयस का गं कधी?" "नाही हो, आजी," बाईंनी कबूल केलं. "मग जा कॉलेजच्या गच्चीवर, दुर्बिणीपाशी. मी थांबते फोनवर." बाई धापा टाकत पोचल्या. आजींनी फर्मावलं, "दुर्बिणीवर बसवलेल्या लहान नळीतून पश्चिमेच्या पिवळ्या ठिपक्यावर नेम धर, मग मोठीला डोळा लाव." "आजी, सगळा काळोख आहे हो!" "अगं शहाणे, झाकण काढ!" झाकण निघालं आणि कड्यासकट शनी समोर तरंगला, इवलासा, खराखुरा. दिवसभर टकळी चालवणाऱ्या बाई डोळा न हलवता बघतच राहिल्या. झाकण हातातच राहिलं. बराच वेळ जाऊ देऊन आजी हळूच म्हणाल्या, "हं. आता माग देणगी."